दहा इंचांचं कुंपण : रजिस्टरमधल्या नोंदी

9 फेब्रुवारी 2025, रविवार

कुपवाडच्या कारखान्यात मी मेंटेनन्सचं रजिस्टर रोज लिहितो. मशीन नंबर, बिघाड, कारण, केलेलं काम, बाकी काम. आजपासून घरच्या भानगडीलाही तीच पद्धत लावतोय. संध्याकाळी शेजारच्या आप्पांशी जे झालं, त्यात आधी कोण काय बोललं हे रात्री जेवताना आमच्याच घरात तिघांनी तीन तऱ्हेनं सांगितलं.

बिघाड : पश्चिमेचं कुंपण.

सकाळी आप्पांच्या दारात विटांची ट्रॉली रिकामी झाली. दुपारी गवंडी आला आणि त्यानं तारेच्या जाळीला लागून फक्कीची पांढरी रेघ मारली. चार इंची भिंत घालायची आहे. मी म्हणालो, "आप्पा, जाळीच आमच्या हद्दीत आलीय. तिच्यावर भिंत नका घालू."

आप्पा म्हणाले, "पाच वर्षं मूग गिळून बसला होतास व्हय?"

त्यापुढचं लिहीत नाही. गवंडी तेवढा शहाणा निघाला. फक्कीची पिशवी गुंडाळून म्हणाला, तुमचं मिटू द्या, मग सांगावा धाडा.

10 फेब्रुवारी

कारण. हे नीट लिहायला हवं.

सांगलीत कोल्हापूर रोडच्या आतल्या बाजूची आमची वसाहत गुंठेवारीतली. शेतमालकानं एका गटाचे तुकडे पाडून विकले. आमच्या ओळीत चार प्लॉट, प्रत्येक दोन गुंठ्यांचा, रस्त्याला 33 फूट आणि आत 66 फूट. ओढ्याच्या बाजूला पहिला प्लॉट कोपऱ्यावरच्यांचा, मग आप्पा, मग आम्ही, आणि शेवटचा पुण्याला असतात त्यांचा. तो कायम बंद, आत गाजर गवत आणि वेडी बाभळ. त्यापुढे आडवा रस्ता.

आप्पांच्या आणि आमच्या मध्ये दगडी खांबांवर काटेरी तार होती आणि तिला लागून मेंदी. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 आहे. आमच्या गल्लीत पाणी ओसरल्यावर बघतो तर मेंदी कुजलेली, तारेत कुणाची तरी चटई, एक गॅसची शेगडी आणि मेलेलं कुत्रं अडकलेलं, खांब आडवे. वर्षभर मध्ये काहीच नव्हतं. आप्पांची कोंबडी आमच्या ओसरीवर अंडी घालायची आणि आई ती नेऊन द्यायची.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही तीन महिने हिच्या माहेरी, तासगावकडं होतो. परत आलो तर चेनलिंक जाळी उभी. आईनं लावलेलं कढीपत्त्याचं झाड जाळीपलीकडं. मला त्याच दिवशी कळलं होतं. बोललो नाही. त्या महिन्यात आप्पांच्या घरात दोघं आजारी होते, आणि नंतर बोलायची वेळ कधी येतच नाही.

तेव्हा आप्पांचा मुगाचा टोमणा अगदीच खोटा नाही.

12 फेब्रुवारी

चहाच्या टपरीवर एकानं सांगितलं, बारा वर्षं उलटली की जागा कब्जेदाराची होते. दुसरा म्हणाला, तीस. तिसरा म्हणाला, भिंत घातली की लगेच. तिघांनाही वकिली येत नव्हती. तरी माझी झोप गेली.

16 फेब्रुवारी, रविवार

टेप घेऊन एकटाच मोजत बसलो. आमच्या पूर्वेच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपासून आप्पांच्या जाळीपर्यंत 32 फूट 2 इंच. खरेदीखतात 33. रस्त्याकडच्या टोकाला, लाईटच्या खांबामागं, जुन्या दगडी खांबाचं बूड अजून जमिनीत आहे. तिथपर्यंत बरोबर 33 फूट. म्हणजे जाळी 10 इंच आत. मागच्या टोकाला दुसरं बूड सापडलं, तिथं फरक 3 इंच. पाचरीसारखी पट्टी : सरासरी साडेसहा इंच गुणिले 66 फूट, पावणेछत्तीस चौरस फूट.

आकडा हातात आल्यावर बरं वाटलं. जाळीपलीकडून आप्पा बघत होते. थोड्या वेळानं त्यांनीही घरातून टेप आणला आणि कोपऱ्यावरच्यांच्या भिंतीपासून जाळीपर्यंत मोजला. 33 फूट. मोठ्यानं वाचला, मला ऐकू जाईल असा.

24 फेब्रुवारी, सोमवार

अर्धी रजा टाकून भूमी अभिलेखच्या कार्यालयात गेलो. मोजणी आणायची, सरकारी माणूस खुणा करून देईल, विषय संपला, असं डोक्यात होतं. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी, अतिअतितातडी असे मोजणीचे चार प्रकार असायचे. आता नियमित आणि द्रुतगती असे दोनच. अर्ज ऑनलाईन.

खिडकीतल्या माणसानं सातबारा पाहिला, वर-खाली नावं मोजली आणि विचारलं, "मंजूर रेखांकन आहे?" नाही. "पोटहिस्सा नकाशा?" म्हणजे गटाच्या आतल्या तुकड्यांचा. नाही. मग त्यानं जे सांगितलं ते बाहेर येऊन लगेच वहीत उतरवलं : हद्द कायम मोजणीत गटाची बाहेरची हद्द दाखवता येईल. आतले प्लॉट सरकारनं पाडलेले नाहीत, तुमचे तुम्ही पाडले. आतल्या रेषेची सरकारी नोंदच नाही, तर ती कायम कशी करायची? पोटहिस्सा मोजणी करायची तर गटातल्या सगळ्या सहधारकांच्या सह्या आणा, नाहीतर कोर्टाचा हुकूम.

आमच्या सातबाऱ्यावर एकाखाली एक इतकी नावं आहेत की उतारा पानावर मावत नाही. त्यातले निम्मे कुठं आहेत कुणाला ठाऊक नाही, काही तर देवाघरी. सह्या कुठून आणू?

27 फेब्रुवारी

आमच्याकडं महापालिकेचं गुंठेवारी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे, 2001 च्या कायद्याखालचं. आप्पांनी उशिरा केलं. 2021 च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना मुभा मिळाली तेव्हा. दोन्हींना नकाशे जोडलेले. आमच्या नकाशात रुंदी 10.06 मीटर. आप्पांच्याही नकाशात 10.06, हे त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं. दोन वेगळे इंजिनिअर, पण दोघांनी खरेदीखतातले 33 फूट मीटरमध्ये बदलून चौकोन काढला, एवढंच. जागेवर टेप कुणीच धरला नसणार. दोघांकडं शिक्का आहे, दोघांची हद्द दहा इंच एकमेकांवर चढलेली.

5 मार्च

मिरजेच्या एका ओळखीच्या वकिलांना भेटलो. पंधरा मिनिटांत मोकळे झाले.

बारा वर्षांची गोष्ट मुदतीच्या 1963 च्या कायद्यातली आहे, पण नुसती जाळी उभी राहून बारा वर्षं झाली की काम होत नाही. मालकी नाकारून उघडउघड कब्जा ठेवलाय हे सिद्ध करावं लागतं. आणि 2020 ची जाळी म्हणजे घाई 2032 ची. दावा लावायचा तर मनाई हुकूम मागायचा, मग जागा बघायला कोर्ट कमिशनर, मग मोजणी. "आणि मोजणीला पुन्हा नकाशा लागेल," ते म्हणाले, "जो तुमच्याकडं नाही." वर विचारलं, "जागा किती?" मी पावणेछत्तीस चौरस फूट सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

फी घेतली नाही. भडंगाचा पुडा ठेवून आलो.

14 मार्च, धुळवड

नोंद नाही. दोन्ही घरांत पोरं रंग खेळली, पण आपापल्या अंगणात.

30 मार्च, पाडवा

आज आईनं परस्पर काम केलं.

सकाळी गुढी उभारून झाल्यावर ती आप्पांच्या दारात गेली आणि मावशींना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, म्हणाली, "थोडा कढीपत्ता देता का? आमटीला हवाय." झाड तिनंच लावलेलं, पंधरा वर्षं ती आणि मावशी दोघी विचारल्याशिवाय तोडायच्या. मावशींनी डहाळीच आणून दिली म्हणे, आणि आत जाऊन आप्पांना काय ते सुनावलं.

दुपारी आप्पा फाटकात उभे. आत येईनात. म्हणाले, "तुझ्या आईनं पाला मागितला आज. मागितला! असं चालंल काय? कुणाला बोलवायचं त्याला बोलव आणि मोज एकदाचं. पण माझे तेहेतीस मला पाहिजेत."

मी म्हणालो, "मलापण माझे तेहेतीसच पाहिजेत."

"मग मोजूया की."

आईला विचारलं, मुद्दाम गेली होतीस का. ती म्हणाली, आमटीला फोडणी कशानं द्यायची होती मग?

6 एप्रिल, रविवार, रामनवमी

मोजणीचा दिवस. सविस्तर लिहितो.

तिसऱ्या गल्लीतले अण्णा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले भूकरमापक. प्लेन टेबलापासून मशीनपर्यंत सगळं वापरलेलं. त्यांनी आधीच बजावलं, "मी आता सरकार नाही. माझ्या कागदाला किंमत नाही. दोघांना पटलं तरच उपयोग." आणि पहिला प्रश्न विचारला : टेप कुठून धरायचा?

मी म्हटलं, आमच्या पूर्वेच्या भिंतीपासून. आप्पा म्हणाले, कोपऱ्यावरच्यांच्या भिंतीपासून. अण्णा म्हणाले, "दोन्ही नको. भिंती माणसं बांधतात. ओळीची दोन्ही टोकं काढा, मग मधलं बघू."

ओढ्याकडचं टोक सोपं. तिथं दगड उभाच आहे, कोपऱ्यावरच्यांच्या भिंतीला चिकटून. आडव्या रस्त्याकडचा दगड मात्र कुणी पाहिलेला नाही. पुण्याच्या मालकांना फोन लावून आत शिरायची परवानगी घेतली. गाजर गवत उपटलं. आई ओसरीवरून ओरडत होती, "चिंचेच्या खुंटापासून चार पावलं, इकडं, इकडं!" चिंच 2005 च्या पुरातच गेली होती, पण खुंट होता.

वरचा थर रस्त्याच्या खडीचा. खाली 2019 च्या गाळाचा राखाडी पापुद्रा, बोटभर जाड, वाळून बिस्किटासारखा तुटणारा. त्याखाली काळी माती. आप्पांनी पहार घेतली. वय अडुसष्ट, मी म्हटलं द्या इकडं, तर दिली नाही. चार-पाच ठिकाणी पहार नुसती आत गेली. मग एकदा ठण्ण वाजलं. आप्पा थांबले, माझ्याकडं बघितलं, पुन्हा हळूच टोचलं. ठण्ण. हातानं माती काढली. घडीव दगड, वीतभर चौकोनी, डोक्यावर छिन्नीनं मारलेली फुली. फुलीत गाळ बसला होता, तो आप्पांनी नखानं कोरून काढला.

अण्णा म्हणाले, "हलवू नका. सरकारी खूण मुद्दाम हलवली तर जमीन महसूल संहितेत दर खुणेमागं शंभर रुपयांपर्यंत दंड आहे." मग स्वतःच म्हणाले, "1966 सालचे शंभर. आणि ही काय सरकारी खूण न्हवं. तरी हलवू नका."

पोलादी टेप, दोन्ही बाजूंनी ताण देऊन, दोनदा, एकदा इकडून, एकदा तिकडून. फुलीपासून ओढ्याच्या दगडापर्यंत 130 फूट 8 इंच.

चार प्लॉट गुणिले 33 म्हणजे 132.

सगळे गप्प. अण्णांनी पुन्हा मोजायला लावलं. 130 फूट 8 इंच.

"एक फूट चार इंच जमीनच नाही," अण्णा म्हणाले. "विकली आहे, पण नाही."

चहा झाल्यावर त्यांनी कारणाचा अंदाज सांगितला. 33 फूट म्हणजे जुनी एक साखळी, सोळा आण्यांची, एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. साखळीत एखादी कडी दुमडलेली राहिली तर ती आखूड होते, आणि दर प्लॉटमागं चार इंच खाल्ले जातात. नाहीतर मालकानं शेवटी रस्ता जरा रुंद सोडला असेल. "काही असो. आखणाऱ्यानं तूट ठेवली, ती आता तुमच्यात फिरतीय. ज्यानं आधी भिंत घातली त्यानं पुरे तेहेतीस घेतले."

7 एप्रिल

रात्री हिशेब मांडला. ओढ्याच्या दगडापासून अंतर :

कोपऱ्यावरच्यांची भिंत 33 फुटांवर. जुनं दगडी बूड 65 फूट 2 इंचांवर. आप्पांची जाळी 66 वर. आमची पूर्वेची भिंत 98 फूट 2 इंचांवर. शेवट 130 फूट 8 इंच.

तूट सारखी वाटली तर प्रत्येकाला 32 फूट 8 इंच यायला हवेत. कोपऱ्यावरचे 4 इंच जास्त खाऊन बसलेत. जुन्या कुंपणाप्रमाणं आमच्याकडं 33, म्हणजे आम्हीही 4 इंच जास्त. आप्पांना जुन्या कुंपणात 32 फूट 2 इंच, सहा इंच कमी. ते पंचवीस वर्षं सहा इंच कमी घेऊन बसले होते आणि त्यांना माहीतही नव्हतं. जाळी लावताना त्यांनी इमानदारीत 33 मोजले आणि उरलेले 32 फूट 2 इंच मला दिले. मी 16 फेब्रुवारीला नेमकं हेच केलं होतं, उलट्या बाजूनं.

आणखी एक. 65 फूट 4 इंच आणि 98 फूट या न्याय्य रेषा धरल्या तर आमची पूर्वेची भिंत पुणेकरांच्या प्लॉटात 2 इंच आहे. भिंत 2009 साली मीच उभं राहून बांधून घेतली. शेजारी घरी नव्हतं, कुणी हरकत घेतली नाही.

हे वाक्य खोडावंसं वाटलं. राहू दे.

बाकी काम : पूर्वेच्या मालकांना फोन.

13 एप्रिल, रविवार

बैठक आमच्या ओसरीवर. आप्पा, त्यांचा मुलगा पुण्याहून आलेला, अण्णा, मी. कोपऱ्यावरच्यांनाही बोलावलं होतं, ते आले नाहीत. सांगावा आला की आमची भिंत पक्की आहे, आमचं काही नाही. पक्की आहे हे खरं.

आप्पांना कागद दाखवला. ते बराच वेळ बोटानं आकडे खालून वर वाचत होते. मग म्हणाले, "म्हंजे 65 फूट 4 इंचावर रेघ आली तर मला 32 फूट 4 इंच. कोपऱ्यावरच्यांनी माझे चार इंच नेले ते मी कुणाकडनं आणू?" याला उत्तर नव्हतं. न्याय्य रेघ चारही जण हलले तरच न्याय्य. इथं दोन टोकांना विटांच्या भिंती, हलणार फक्त मधली जाळी.

आप्पांच्या मुलानं मोबाईलवर गणित केलं. कोपऱ्यावरच्यांच्या भिंतीपासून आमच्या भिंतीपर्यंत 65 फूट 2 इंच. निम्मे केले तर दोघांना 32 फूट 7 इंच. रेघ 65 फूट 7 इंचांवर. जाळी 5 इंच त्यांच्याकडं सरकेल, जुन्या बुडापासून 5 इंच मी सोडीन. मागच्या टोकाला 3 इंचांचे दीड-दीड.

मला आधी 8 इंचांची आशा होती, ती सोडायला जरा वेळ लागला. हे कबूल करतो. मध्ये मी एकदा "पण तुम्ही न विचारता जाळी लावली" असं म्हणालोच. आप्पा म्हणाले, "चुकलं. फोन करायला पाहिजे होता." एवढंच. पाच वर्षं मला इंच हवे होते की हे वाक्य, हे त्या क्षणी नक्की सांगता आलं नसतं.

भिंत की जाळी यावरच जास्त वाद झाला. आप्पांना भटक्या कुत्र्यांचा त्रास, म्हणून भिंत. माझं म्हणणं, काळ्या मातीत चार इंची भिंत दोन उन्हाळ्यांत तडकते, आणि पूर आला तर भरीव भिंतीला पाण्याचा सगळा रेटा बसतो. 2019 ला गल्लीतल्या किती भिंती आडव्या झाल्या ते त्यांनीच मोजले होते. जाळीतून पाणी निघून जातं. शेवटी ठरलं : जाळीच, पण खाली जमिनीलगत एक वीट उंच पट्टी, तिला दर आठ फुटांवर पाण्याला वाट. आप्पांच्या उरलेल्या विटा त्यांच्या मागच्या न्हाणीघराला.

झाडाचा बुंधा 65 फूट 6 इंचांवर. रेघ त्याच्यातूनच जाते.

21 एप्रिल, सोमवार

पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर समजुतीचा करारनामा. ऑक्टोबरपर्यंत शंभरचा स्टॅम्प चालायचा, आता पाचशेशिवाय नाही. मजकूर वकिलांनी दिला. त्यांची एक सूचना महत्त्वाची : "मी तुम्हाला पाच इंच दिले" असं कुठंही लिहायचं नाही. जागा देणं-घेणं म्हटलं की नोंदणी आली, मुद्रांक शुल्क आलं. लिहायचं ते असं की मूळ हद्द जागेवर संदिग्ध होती, दोघांनी मोजून ती अमुक रेषेवर असल्याचं मान्य केलं, यापुढं दोघं आणि दोघांचे वारस ती मानतील. सोबत अण्णांचं हातानं काढलेलं रेखाचित्र, फूट आणि मीटर दोन्ही, दोन्ही दगडांपासूनची अंतरं, आणि फोटो. 32 फूट 7 इंच म्हणजे 9.93 मीटर. साक्षीदार दोन. नोटरी झाली.

मालकी हक्काचा हा कागद नव्हे, हे दोघांनाही समजावून सांगितलं. पोरांच्या काळात पुन्हा टेप निघाला तर कुठून धरायचा, एवढं तरी लिहिलेलं असेल.

बाकी काम : पूर्वेच्या मालकांना फोन.

1 मे, गुरुवार

सुट्टी. खड्डे.

लाईन दोरी ओढली, रेषेवर फक्की मारली. ही फक्की मी आणि आप्पांनी मिळून टाकली, एकेका मुठीनं, म्हणून ती जरा वाकडी आहे. दोरी मात्र सरळ. जुनी जाळी चांगली आहे, तीच वापरायची. जुने खांब बारा-बारा फुटांवर, नुसते मातीत ठोकलेले, सगळे झुकलेले. नवीन अँगल 40 बाय 40 बाय 5, सात फुटी, दहा नग. झाडाच्या दोन्ही बाजूंना एकेक धरून. वजन 64 किलो भरलं. टोकांना आणि झाडाजवळ तिरके टेकू. खर्च निम्मा-निम्मा, मजुरी नाही कारण मजूर आम्हीच.

काळ्या मातीला मेमध्ये अशा भेगा पडतात की त्यात हात मनगटापर्यंत जातो. पावसात हीच माती फुगते आणि खांबाला धरून वर ढकलते. म्हणून खड्डा अडीच फूट, तळाशी रुंद, वर निमुळता. तळात सहा इंच मुरूम कुटला. काँक्रीटभोवतीही मुरूमच, म्हणजे मातीला धरायला काही मिळत नाही. हे मशीनच्या फाउंडेशनचं शहाणपण, कारखान्यात पगारी शिकलेलं.

झाडाजवळच्या खड्ड्यात मुळं लागली. आप्पांनी कुदळ बाजूला ठेवली आणि हातानं माती उकरत मुळांखालून वाट काढली. तासभर त्या एका खड्ड्यात गेला.

4 मे, रविवार

खांब उभे केले. एकास दोन-चार काँक्रीट, घमेल्यावर मोजून. एकेक खांब ओळंब्यात, दोन्ही बाजूंनी बघून. मावशींनी दोनदा चहा आणला, दुसऱ्यांदा आमच्याकडून आईचा येत होता, दोन्ही प्यालो.

आठवडाभर पाणी मारायचं. सकाळी आप्पा, रात्री मी.

11 मे, रविवार

जाळी ताणली. वर, मध्ये, खाली ताण तार, टर्नबकलनं घट्ट. बुंध्यापाशी जाळी दोन्ही बाजूंच्या खांबांवर संपते, मध्ये झाड आणि दोन्हीकडं वीतभर फट. तार झाडाला बांधायची नाही असं ठरलंय. सालीत तार रुतली की झाड तिथूनच वाळतं. फटीतून आमचं मांजर लगेच पलीकडं गेलं.

रेड ऑक्साईडचा एक हात झाला. दुसरा राहिला.

बाकी काम : दुसरा हात. विटेची पट्टी. पूर्वेच्या मालकांना फोन.

22 मे

उन्हाळ्यातच पावसाळा. दोन-तीन दिवस धो धो. विटेच्या पट्टीचं काम अर्धं, मसाला वाहून गेला. आप्पांच्या पन्हळीचं पाणी थेट आमच्या बाजूला पडतं हे आज पहिल्यांदा नीट दिसलं. आधी दहा इंचांच्या रागात त्याच्याकडं लक्षच नव्हतं. सांगितलं. त्यांनी पाईप आणून खाली कोपरा लावला. वीस मिनिटांचं काम.

1 जून, रविवार

पट्टी पूर्ण, पाण्याच्या वाटा ठेवल्या. रंगाचा दुसरा हात दिला. कढीपत्त्याला नवी पालवी आहे.

केलेलं काम : वर लिहिलंय ते सगळं. बाकी काम : पूर्वेच्या मालकांना फोन. नंबर काढून ठेवला आहे.

संध्याकाळी सगळ्या खांबांना शेवटचा ओळंबा लावला. सहावा खांब पावसानं दोन सूत झुकलाय. आप्पा पलीकडून वाकून बघत होते. म्हणाले, "कुणाच्या बाजूला?"

"तुमच्या."

त्यांनी खांबाला हात लावून हलवून बघितला. हलला नाही.

"मग असू दे. पावसाळा जाऊ दे, दिवाळीला बघू."